झाडीपट्टी आणि लहान भिंग

चांदा जिल्ह्याचें नांव १९६४ सालीं चंद्रपूर झालें, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्याचा पूर्वेकडील रानभाग तोडून गडचिरोली हा वेगळा जिल्हा करण्यांत आला. परंतु या दोन जिल्ह्यांचें जें चित्र पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित कुटुंबाच्या मनांत आज उभें आहे, त्याचा या नकाशाशीं फारसा संबंध नाहीं. तें चित्र छायाचित्रांनीं घडविलें आहे, आणि तीं छायाचित्रें मुख्यतः दोन जातींचीं आहेत. एका जातींत ताडोब्याचा वाघ. दुसऱ्या जातींत बंदूक, गणवेश आणि मागें धूसर झालेलें रान. दोहोंचा विषय निराळा असला तरी साधन एकच : लांबून टिपणारें मोठें भिंग. चित्र घेणारा आणि ज्याचें चित्र घेतलें तो, यांच्यामध्यें पन्नास-साठ हातांचें अंतर आहे, हें तीं चित्रें पाहणाऱ्यास कोणीं सांगावें लागत नाहीं.

फिल्मवर चित्रें घेणारी, त्यांतही रेंजफाइंडर जातीचा जुना-नवा कॅमेरा आवडीनें वापरणारी मंडळी आपल्यांत अद्याप आहेत. त्यांपैकीं कोणी झाडीपट्टींत जावयास निघाल्यास त्यानें कॅमेऱ्यावर कोणतें लहानसें प्रमाण भिंग चढवावें, हा या लेखाचा विषय. हा दुकानाच्या फळीवरचा प्रश्न, त्याचें वाङ्‌मयीन मासिकांत काय काम, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. पण कवीनें ओवी घेतली कीं शार्दूलविक्रीडित घेतलें याची चर्चा टीकाकार करतोच. आणि ती तो छंदाच्या हौसेनें करीत नाहीं, त्या निवडीनें कवि काय म्हणूं शकतो व काय म्हणूं शकत नाहीं हें ठरतें म्हणून करतो. भिंगाचेंही तसेंच आहे.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत आरसा नसतो. भिंगांतून जें दिसतें तें छायाचित्रकारास दिसत नाहीं. तो एका बाजूच्या खिडकींतून पाहतो, आणि दोन प्रतिमा एकमेकींवर आणून अंतर जुळवितो. १९५४ सालच्या लायका एम-३ पासून पुढच्या त्या घराण्यांतील कॅमेऱ्यांच्या खिडकींत चौकटीची एक प्रकाशरेषा तरंगत असते व तिच्या बाहेरचेंही थोडें जग दिसत राहतें. चौकटींत आतां कोण शिरणार, कोणती बैलगाडी वळणावरून येणार, हें आधीं कळतें. मोबदल्यांत लांबच्या भिंगांवर पाणी सोडावें लागतें. १३५ मिलिमीटरच्या पलीकडे ही अंतरजुळणी विश्वासाची राहत नाहीं. म्हणजे वाघ हा विषय या चर्चेतून आरंभींच बाद झाला. ज्यास ताडोब्याचा वाघच हवा आहे, त्यानें दुसरा कॅमेरा घ्यावा. तसे लोक पुष्कळ आहेत व वाघांची चित्रें त्याहूनही पुष्कळ आहेत.

प्रमाण भिंग म्हणजे काय? चोवीस गुणिले छत्तीस मिलिमीटरच्या चौकटीचा कर्ण ४३.३ मिलिमीटर भरतो, आणि नाभीय अंतर कर्णाइतकें असलें म्हणजे चित्र डोळ्यास सहज वाटतें, असा सामान्य नियम आहे. १९२५ सालीं लायका बाजारांत आला तो ५० मिलिमीटरचें भिंग घेऊन, आणि तोच रिवाज पुढें प्रमाण ठरला. या भिंगाचा हिशेब मनाशीं करून पाहण्यासारखा आहे. उभ्या माणसाचें नखशिखांत चित्र उभ्या चौकटींत बसवावयाचें तर सुमारें तीन मीटरवर उभें राहावें लागतें. कमरेपर्यंतचें हवें तर दीड मीटर. खांद्यापर्यंतचें हवें तर एक मीटर. आणि जुन्या पेंचाच्या भिंगांची धांव एक मीटरपाशींच संपते, त्याहून जवळ तीं जातच नाहींत. नव्या भिंगांना ७० सेंटिमीटरपर्यंत जातां येतें. तेंच पूर्ण उभें चित्र ३०० मिलिमीटरच्या भिंगानें घ्यावयाचें तर सतरा-अठरा मीटर दूर राहावें लागतें, आणि इतक्या अंतरावरून कोणाशीं बोलतां येत नाहीं. तीन मीटरवरून मात्र बोलल्यावांचून गत्यंतर नसतें. समोरचा मनुष्य आपणांस पाहत असतो, आणि त्याची मर्जी आहे कीं नाहीं हें त्याच्या मुद्रेवर दिसत असतें.

येथें थोडें मागें जाणें अवश्य आहे. १८६८ ते १८७५ या काळांत 'दि पीपल ऑफ इंडिया' नांवाचे आठ खंड सरकारी आश्रयानें निघाले. हिंदुस्थानांतील जातिजमातींचे छायाचित्रांचे ते कपाटच होते. १८६९ सालीं जॉन लॅम्प्रे यानें माणसाच्या मागें ठेवण्याकरितां दोन-दोन इंचांच्या चौकोनांची एक दोऱ्यांची जाळी सुचविली, कीं जेणेंकरून शरीराचें माप चित्रावरूनच घेतां यावें. पुढें १९१६ सालीं रसेल व रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांताच्या जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांतील मजकुराची योग्यता कोणीही नाकारणार नाहीं. गोंडांविषयीं लिहूं पाहणारास आजही तो उघडावा लागतो. पण अशा ग्रंथांतील चित्रांखालीं बहुधा जमातीचें किंवा धंद्याचें नांव असतें, माणसाचें नसतें. मागें पडदा असो, जाळी असो कीं कोरी भिंत असो, हेतु एकच : मनुष्य त्याच्या घरापासून, अंगणापासून, मोहाच्या झाडापासून सोडवून घ्यावयाचा आणि नमुना म्हणून टांचावयाचा.

हें सर्व जुनें झालें असें वाटतें, परंतु आजचें भिंगांचें शास्त्र कोणत्या एका गुणाची सर्वांत अधिक स्तुति करतें तें पाहावें. एफ १.४, एफ १.२, एफ ०.९५ अशीं भलीं मोठीं छिद्रें असलेलीं भिंगें विकत घेण्याचें कारण विचारलें तर अंधार हें उत्तर क्वचित् मिळतें. 'मागचें सगळें विरघळतें' हें उत्तर नेहमीं मिळतें. एखाद्या माडिया स्त्रीचें असें एक चित्र डोळ्यांपुढें आणावें : पांपणीचा केस न् केस स्पष्ट, गळ्यांतील मणी स्पष्ट, आणि मागें हिरवट लोण्यासारखें कांहींतरी. तिचें घर कुडाचें आहे कीं विटांचें, अंगणांत मोह वाळत आहे कीं तेंदूपानांचीं पुडकीं पडलीं आहेत, शेजारीं कोण उभें आहे, यांतलें कांहीं कळत नाहीं. लॅम्प्रेनें जें काम दोऱ्यांच्या जाळीनें करावयास सांगितलें तेंच काम येथें कांचेनें केलें. फरक इतकाच कीं आतां त्यास सौंदर्य म्हणतात.

म्हणून झाडीपट्टीसाठीं भिंग निवडतांना 'मागचें किती पुसतें' ही कसोटी मी साफ बाजूला ठेवतों. तीन मीटरवर जुळविलेलें ५० चें भिंग एफ २ वर पुढेंमागें मिळून जेमतेम ४०-४५ सेंटिमीटर स्पष्ट दाखवितें. तेंच एफ ८ वर जवळजवळ दोन मीटर. त्या दोन मीटरांत म्हातारी, तिची सुपली, उंबरठा आणि उंबरठ्यावरचें पोर एवढा संसार मावतो. रुंद छिद्र हवें तें अंधारासाठीं. आणि अंधार या मुलखांत पुरेसा आहे.

आतां प्रत्यक्ष भिंगें. 'लहान' या शब्दासरशीं जाणत्याच्या तोंडीं पहिलें नांव येतें तें एल्मारचें. लाइट्‌झच्या कारखान्यांत माक्स बेरेक यानें आखलेलें हें ५० मिलिमीटर, एफ ३.५ चें भिंग. कांचा चार, गट तीन. म्हणजे १९०२ सालीं पाउल रुडोल्फनें झाइससाठीं काढलेल्या टेसारचें भावंड, मात्र छिद्राचें पडदें टेसारप्रमाणें दुसऱ्या गटामागें नसून पहिल्या कांचेच्या लगेच मागें. नळी आंत ढकलली कीं कॅमेरा कोटाच्या खिशांत जातो. वजन हाताला लागत नाहीं. एफ ५.६-८ वर याची रेखाटणी इतकी समंजस असते कीं पुढच्या सत्तर वर्षांच्या प्रगतीचा विसर पडावा. दुर्गुणही स्पष्ट सांगितले पाहिजेत. छिद्र बदलण्याची खुंटी समोरच्या तोंडावर, नखानें सरकवावी लागते. युद्धापूर्वींच्या प्रतींस लेप नाहीं. लेप नसलेल्या कांचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठावरून शेंकडा चार-पांच टक्के प्रकाश परततो; एल्मारला अशीं सहा पृष्ठें आहेत, म्हणजे सुमारें चौथाई प्रकाश वाटेंत जातो, आणि त्यांतला कांहीं फिल्मवर धुकें होऊन बसतो. चांद्याच्या मे महिन्याचें पांढरें आभाळ चौकटीच्या कोपऱ्यांत आलें कीं तें धुकें दिसतेंच. त्यावर उपाय म्हणजे भिंगावर टोपण-छत्री. आणि छत्री चढविली कीं खिशांत मावण्याची प्रौढी संपली. ज्यांना रशियन कारखान्यांतील इंडस्टार-२२ स्वस्तांत मिळतें त्यांना जवळजवळ हाच अनुभव थोड्या पैशांत येईल. तें दिसावयास एल्मार आणि पोटांत टेसार आहे.

पण माझा मुख्य आक्षेप नळीवर आहे. मिटणारी नळी म्हणजे एक लहानसा भाता. ओढली कीं हवा आंत घेते, आणि चंद्रपूरच्या हवेबरोबर कोळशाची व सिमेंटची धूळ, रानांतल्या रस्त्यावर लाल फुफाटा, हेंही आंत जातें. शिवाय घाईंत नळी अर्धवट फिरविलेली राहिली म्हणजे अख्खी गुंडाळी अस्पष्ट निघते, आणि रेंजफाइंडरच्या खिडकींतून त्याची दाद लागत नाहीं.

प्रकाशाचा हिशेब या रानांत ऋतूप्रमाणें बदलतो, आणि तो शहरांतल्या हिशेबासारखा नाहीं. हें मुख्यतः सागाचें पानगळीचें रान. फाल्गुन-चैत्रांत पान झडून जमीन उघडी पडते. मोह वेंचणाऱ्या बायका पहाटे झाडाखालीं असतात तेव्हांही तासाभरांत ४०० गतीच्या फिल्मवर एफ ५.६ सहज मिळतें. मे महिन्यांत पारा ४६-४७ अंशांवर गेला म्हणजे प्रश्न उलटाच होतो : दुपारीं एफ १६ आणि एक-पांचशेंश सेकंद लावूनही चित्र जळूं पाहतें, आणि पिवळी कांच लावणें शहाणपणाचें ठरतें. श्रावणांत तेंच रान तळघर होतें. आभाळ भरलेलें, वर सागाचीं परातीएवढालीं पानें, खालीं बांबू. अशा वेळीं एफ ३.५ वर एक-साठांश सेकंद मिळाला तर नशीब. आणि घरांत? कुडाच्या घराला खिडकी बहुधा नसते, दारांतून येईल तेवढाच उजेड. ४०० गतीच्या फिल्मवर एफ २ आणि एक-तिसांश, हा तेथला माझा सरासरी अनुभव. एफ ३.५ च्या भिंगास तेथें एक-दशांश सेकंद लागतो, आणि तेवढा वेळ हातांतला कॅमेराही स्थिर राहत नाहीं व चुलीपुढची बाईही राहत नाहीं.

झगझगाट पाडावा, म्हणजे फ्लॅश वापरावा, असें कोणी सुचवील. यावर शेजारच्या वर्धा जिल्ह्यांतला एक दाखला सांगण्यासारखा आहे. सेवाग्रामांत कनु गांधींना कॅमेरा वापरण्याची परवानगी मिळाली ती तीन अटींवर : फ्लॅश वापरावयाचा नाहीं, गांधीजींना बसा-उठा म्हणावयाचें नाहीं, आणि आश्रम खर्च देणार नाहीं. त्यांचा कॅमेरा रोलायफ्लेक्स, रेंजफाइंडर नव्हे; पण पहिल्या दोन अटी कोणत्याही भिंगाची परीक्षा घेण्यास पुरेशा आहेत. त्या अटी पाळून त्यांनीं जीं चित्रें घेतलीं त्यांत अंधाराचा भाग पुष्कळ आहे, आणि तो खटकत नाहीं. ३० जानेवारी १९४८ रोजीं गांधीजींना भेटून आलेला कार्तिये-ब्रेसाँ हाही जन्मभर मुख्यतः ५० च्याच भिंगावर राहिला. मात्र त्याचें नांव घेऊन भिंग विकत घेणाऱ्यांची संख्या इतकी वाढली आहे कीं त्याचा दाखला आतां जपून द्यावा.

तेव्हां एफ २ हवें, आणि तें लहान हवें. येथें बेर्टेलेच्या झोनारची आठवण होते. १९३२ च्या कोंटाक्ससाठीं त्यानें आखलेल्या एफ २ च्या भिंगांत कांचा सहा, पण गट तीनच. म्हणजे उघडीं पृष्ठें एल्मारइतकींच सहा, आणि प्रकाश तिप्पट. लेपाचा शोध झाइसच्या स्माकुलानें १९३५ सालीं लावला. त्यापूर्वीं इतक्या थोड्या पृष्ठांत इतका प्रकाश आणणें ही खरी प्रतिभा होती. युद्धानंतर हीच रचना रशियांत ज्युपिटर-८ या नांवानें लायकाच्या पेंचांतही निघाली. ॲल्युमिनियमचें हलकें अंग, न मिटणारें, किंमत माफक. चेहऱ्याला तें फार सौम्य वागवितें. पण रशियन कारखान्यांचा अंतरजुळणीचा मेळ लायकाशीं तंतोतंत बसत नाहीं, आणि एक मीटरवर, छिद्र पूर्ण उघडें असतां, डोळ्यांऐवजीं कान स्पष्ट येण्याचा संभव असतो. झॉर्की किंवा फेड कॅमेऱ्यावर तें आपल्या घरीं असतें.

लाइट्‌झचें १९५३ चें मिटणारें सुमिक्रॉन हें तीक्ष्णतेचें मोठें नांव. पण नळीचा दोष त्यालाही आहे, आणि त्याच्या पुढच्या कांचेचा लेप इतका मऊ कीं न ओरखडलेली प्रत सांपडणें कठीण. १९७९ सालीं वाल्टर मांडलर यानें आखलेलें सुमिक्रॉन मात्र या मुलखासाठींच केलें असावें असें वाटतें. कांचा सहा, गट चार, नळी मिटत नाहीं, ७० सेंटिमीटरपर्यंत जातें, वजन पाव किलोच्या आंत. त्याची किंमत ऐकून मध्यमवर्गीय गृहस्थानें कॅमेराच विकावा असा विचार केला तर त्यास दोष देतां येणार नाहीं. अशांनीं झाइसच्या नांवानें २००४ सालीं जाहीर झालेल्या व जपानांत कोसिना कंपनीनें बनविलेल्या प्लानारकडे वळावें. तेंही एफ २, वजन २३० ग्रॅम, आणि लेप इतका उत्तम कीं मे महिन्यांतल्या आभाळालाही तें डगमगत नाहीं. प्लानारची मूळ कल्पना १८९६ सालची, त्याच रुडोल्फची. पृष्ठें अधिक असल्यामुळें लेप येईपर्यंत ती बिचारी टेसारच्या मागें पडून राहिली. १९७३ च्या लायका सीएल बरोबर निघालेलें ४० मिलिमीटरचें इवलेंसें सुमिक्रॉन याहूनही लहान आहे व कर्णाच्या मापाला जवळचें आहे. परंतु इतर लायकांच्या खिडकींत ४० ची चौकट नाहीं, आणि अंदाजानें चौकट धरणें हें माझ्या स्वभावाला मानवत नाहीं. कोणास मानवेल.

एफ २ ची खरी परीक्षा मात्र घरांत नाहीं, मंडईच्या रात्रीं होते. दिवाळी संपली, धान कापून झालें, कीं झाडीपट्टींत मंडया भरतात, शंकरपट होतात आणि त्यांच्या जोडीनें नाटकें लागतात. वडसा-देसाईगंज हें या नाटकमंडळ्यांचें माहेर. नाटक रात्रीं उशिरां सुरू होतें आणि पहाटेपर्यंत चालतें. गांवोगांवचे लोक बैलगाड्या, मोटारसायकली, ट्रॅक्टर घेऊन येतात. २०२३ सालीं या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हां पश्चिम महाराष्ट्रांतील पुष्कळ वाचकांनीं झाडीपट्टी हा शब्द प्रथम ऐकला असावा. या नाटकाचें चित्र कसें घ्यावें? दहा मीटरवर बसल्यास ५० चें भिंग सात मीटर रुंदीचा रंगमंच जवळजवळ पुरता घेतें, आणि नटावर दिवा असेल तर एफ २.८ पुरतो. असें चित्र सर्वच घेतात. पाठ रंगमंचाकडे करून प्रेक्षकांकडे वळावें : घोंगडी पांघरलेले आजोबा, मांडीवर झोंपलेलें मूल, दुःखाच्या प्रवेशाला पदर डोळ्यांस लावलेली सासू आणि तिच्या शेजारीं हसूं दाबणारी सून. तेथें एफ २ देखील तोकडें पडतें, एक-पंधरांशावर श्वास रोखावा लागतो, आणि दहांतलें एक चित्र साधतें. तें एक चित्र मला वाघांच्या शंभर चित्रांहून अधिक मोलाचें वाटतें. शटरचा आवाज कापडी पडद्याच्या लायकांत इतका हळू कीं शेजाऱ्यास कळत नाहीं. आणि याच कारणास्तव कळविणें हें छायाचित्रकाराचें काम होतें.

मार्कंड्याच्या देवळांविषयीं थोडक्यांतच सांगतों. वैनगंगा जेथें उत्तरवाहिनी होते तेथला तो समूह. महाशिवरात्रीस मोठी यात्रा भरते. शिल्पांना तिरपा उजेड लागतो, म्हणून सकाळीं लवकर जावें आणि एफ ८ वर ठेवावें. तेथें कोणतेंही चांगलें ५० चालेल. एल्मार तर उत्तमच.

परवानगीचा प्रश्न राहिला, आणि तो भिंगाहून निराळा नाहीं. धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा या गांवास २००९ सालीं सुमारें अठराशें हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. तेथें गांवाचे निर्णय ग्रामसभा सर्वसंमतीनें करते. अशा गांवांत एका माणसानें मान डोलावली म्हणून भागत नाहीं. आधीं सभेपुढें बसून आपण काय करूं इच्छितों तें सांगावें लागतें. लांब भिंगवाल्यास ही अडचण टाळतां येते, आणि तो ती टाळतो. तीन मीटरवाल्यास टाळतां येत नाहीं. फिल्मचा आणखी एक पेंच असा कीं काढलेलें चित्र तेथल्या तेथें दाखवितां येत नाहीं. 'दाखवा' म्हणून पोरें भोंवतीं जमतात, आणि कॅमेऱ्याची पाठ कोरी असते. तेव्हां पुढच्या खेपेस कार्डाएवढ्या छपाया घेऊन येणें ओघानेंच आलें, आणि प्रत्येक छपाईच्या मागें त्या मनुष्याचें नांव लिहिणेंही आलें. एरव्हीं ती कोणाच्या हातांत द्यावयाची?

भिंग जपण्याविषयीं. पावसाळ्यांत पर्लकोटेच्या पुरानें भामरागडची वाट कित्येकदां तुटली आहे, आणि त्या दमट दिवसांत कातड्याच्या पेटींत ठेवलेल्या भिंगास बुरशी धरल्यावांचून राहत नाहीं; कातडें ओल धरून ठेवतें. पेटी घरीं ठेवावी, भिंग सुक्या डब्यांत ठेवावें आणि उघडीप मिळेल तेव्हां वापरावें. उन्हाळ्यांत याहून मोठें भय आहे. रेंजफाइंडरला आरसा नसल्यामुळें सूर्याकडे तोंड करून खांद्यावर लटकलेलें भिंग कापडी शटरवर जाळभिंगाचें काम करतें आणि टांचणीएवढें भोंक पाडतें. छिद्र जितकें मोठें तितकें लवकर. म्हणून चालतांना छिद्र एफ १६ वर मिटलेलें आणि वर टोपण, ही सवय लावून घ्यावी.

जुनें भिंग घेण्यापूर्वीं मागून विजेरी धरून आंत जाळी किंवा धुरकटपणा आहे कीं काय तें पाहावें, आणि अंतरजुळणी दोन्ही टोंकांस तपासावी. जवळचें टोंक एक मीटरवर धरलेल्या वर्तमानपत्रावर. लांबच्या टोंकासाठीं चंद्रपुरांत सोय आयतीच आहे : गांवाबाहेर कोठूनही वीज केंद्राचीं धुराडीं दिसतात, त्यांच्या दोन कडा एकमेकींवर आल्या म्हणजे भिंगाचें कडें अनंताच्या खुणेवर टेकलें पाहिजे. त्याच्या अलीकडे थांबलें अथवा पलीकडे जाऊं पाहूं लागलें, तर दुकानदारास तें परत द्यावें.